कच्ची कुपी

शनिवारी दुपारी एकला ऑपरेशन थिएटर बंद होतं, आणि त्याच्याबरोबर तळघरातली निर्जंतुकीकरणाची खोलीही. बायका गाऊन काढतात, डबे पिशवीत कोंबतात आणि पळतात. त्या शनिवारी मावशी मागे राहिली. सिस्टरकडे जाऊन म्हणाली, गॉजचे तुकडे कापायचे राहिलेत, किल्ली असू द्या माझ्याकडे, जाताना पहारेकऱ्याकडे देईन. सिस्टर म्हणजे त्या खोलीची मुख्य. तिच्या कपड्यांची घडी कधी मोडत नसे म्हणून तिच्या मागे सगळ्या तिला इस्त्री म्हणत. इस्त्रीने मावशीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. घरी का जात नाहीस, असं अगदी तिच्या ओठावर आलं असावं. पण मावशीची लेक जाऊन दहा महिने झाले होते, आणि लेक गेलेल्या बाईला घरी जा म्हणून सांगणं सोपं नसतं. तिने किल्ली टेबलावरून पुढे सरकवली.

कापायचं गॉज हातभरही शिल्लक नव्हतं.

मावशीची शाळा चौथीत सुटली होती, पण सतरा वर्षं त्या यंत्रांपुढे काढल्यावर डॉक्टरही तिला शिकवायच्या फंदात पडत नसत. काम सांगायला सोपं. थिएटरमधली रक्ताळलेली हत्यारं धुवायची, पुसायची, कापडात बांधून गाठोडी करायची, कपाटाएवढ्या पोलादी यंत्रात रचायची, दार आवळायचं आणि वाफ सोडायची. अशा एका खेपेला त्या भट्टी म्हणत. आत जे जिवंत असेल ते मरतं. पण मेलं हे कळणार कसं? काटा सांगतो, कागदावर रेघ उमटते. पण काटा यंत्राचाच, तो मालकाची बाजू घेणार. म्हणून कुपी ठेवायची. बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची कुपी, आत कागदाच्या चिंधीवर मुद्दाम पेरलेली जंतूंची बीजं, इतकी चिवट की साध्या उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. वाफेतून काढली की चिमट्यात दाबून तिच्या आतली काच फोडायची. जांभळा रस चिंधीवर उतरतो. मग दिवसभर गरम पेटीत उबवायची. रस जांभळा राहिला तर बीजं मेली, गाठोडी चांगली. पिवळा झाला तर आत कुणीतरी वाचलंय. सगळा माल परत.

तिच्याशेजारी आणखी एक कुपी उबवायची, यंत्रात न घातलेली. तिला कच्ची म्हणत. कच्ची पिवळी व्हायलाच पाहिजे. ती पिवळी झाली तरच कळतं, की त्या डब्यातल्या कुप्यांमध्ये मुळात जीव होता. कच्चीच मेलेली निघाली तर सगळी चाचणी रद्द. मग दुसरीने काहीही सांगो, ते धरत नाहीत.

कुपीची जागाही ठरलेली असते. सगळ्यात खाली, दाराजवळ, पाणी निघून जायच्या भोकावर. वाफ तिथे शेवटी पोचते. जिथे यंत्र कमी पडण्याची भीती तिथेच त्याला विचारायचं, हा नियम. आणि दोन गाठोड्यांमध्ये उभा तळहात जाईल एवढी फट हवी, नाहीतर वाफ आत शिरणार कुठून.

दहा महिन्यांपूर्वीच्या एका मंगळवारी मावशीने हे दोन्ही नियम मोडले होते.

त्या दिवशी एक नंबरचं यंत्र बिघडलं होतं. थिएटरमधून तीनदा फोन आला, तिसऱ्यांदा शिव्या. मावशीने दोन नंबरच्या यंत्रात गाठोडी दाबून दाबून भरली, गादीत कापूस भरावा तशी. तळहात कसला, बोट जाईना. शेवटचं गाठोडं गुडघ्याने आत ढकललं आणि मग आठवलं, कुपी राहिली. खाली ठेवायची तर सगळं उपसावं लागणार. मावशीने कुपी वरच ठेवली, सगळ्यात वरच्या गाठोड्यावर, जिथे वाफ सगळ्यात आधी येते. दार लावलं. कुपी जांभळी राहिली, कच्ची पिवळी झाली. वहीत तिने आपल्या मोठ्या मोठ्या अक्षरात लिहिलं: चांगले.

गुरुवारी तिच्या लेकीला कळा लागल्या. सगळं सुरळीत होतं. मग बाळाचे ठोके मंदावले म्हणून संध्याकाळी घाईने सिझर करावं लागलं. मुलगी झाली. मावशीने पेढे नको, चहा पाजते म्हणून सगळ्या खोलीला चहा पाजला. पाचव्या दिवशी लेकीला ताप भरला. अकराव्या दिवशी ती गेली. पोटात पू झाला होता. असं होतं कधी कधी, डॉक्टर म्हणाले. चौकशी झाली, वही पाहिली, वही स्वच्छ होती. आणि मग लेकीचा केसपेपर घरी न्यायला मिळाला तेव्हा मावशीने पाहिलं: ज्या गाठोड्यातल्या हत्यारांनी लेकीचं पोट उघडलं, त्याची चिठ्ठी नियमाप्रमाणे कागदावर चिकटवलेली होती. यंत्र दोन. मंगळवार. चौथी भट्टी. अक्षर मावशीचं.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

जावई नातीला घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत राहत होता. दर रविवारी मावशी तिथे जाई, पोरीला न्हाऊमाखू घाली, तिच्या तोंडाला तोंड लावी, आणि घरी येऊन रात्रभर छताकडे बघत पडे. तिला एकच जाणून घ्यायचं होतं. माझ्या हाताने माझी पोर मेली की नाही? मेली असेल तर जावयाला सांगायचं. मग तो नातीला दाखवो न दाखवो, तोंडावर दार आपटो. पण नक्की कळल्याशिवाय सांगून त्या पोरीला आजीला मुकवायचं कशाला?

म्हणून ती मागे राहिली. मंगळवारची ती भट्टी तिला जशीच्या तशी लावायची होती. तितकीच गाठोडी, तितकीच दाबून. एक कुपी वर, त्या दिवशीसारखी. एक कुपी खाली, जिथे त्या दिवशी ठेवायला हवी होती तिथे. खालची जांभळी राहिली, तर ती हत्यारं स्वच्छ होती आणि मावशी सुटली. खालची पिवळी झाली, तर मावशीचं उत्तर तिला मिळालं.

दार आवळलं. वाफ सुटली. रिकाम्या तळघरात त्या यंत्राचा आवाज नेहमीपेक्षा मोठा वाटत होता, कुणीतरी दात आवळून श्वास घेत असावं तसा. ओल्या कापडाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास खोलीभर झाला. मावशी स्टूल ओढून समोर बसली. काटा चढला, एकशे चौतीसवर थांबला. त्या वेळात यंत्र गप्प असतं. सतरा वर्षं ती ते गप्पपण ऐकत आली होती.

आतून कापडाला कापड घासल्याचा आवाज आला.

मावशीने काट्याकडे पाहिलं. काटा जागच्या जागी होता. पुन्हा घासलं, जरा खाली. जसं दाटीवाटीने भरलेल्या गाठोड्यांमधून कुणी हात घालतंय. मग पोलादावर प्लास्टिक ठेवल्याचा बारीक आवाज. टक.

गाठोडी फुगतात, सरकतात, तिने स्वतःला सांगितलं. वाफ निघून जाऊ दिली, आत थंड होऊ दिलं, मग दार उघडलं. वरच्या गाठोड्यावर काही नव्हतं. तिने एकेक गाठोडं उपसलं. दोन्ही कुप्या तळाशी होत्या, पाणी जायच्या भोकावर, शेजारी शेजारी, एका रेषेत. मुद्दाम मांडल्यासारख्या.

लेक शाळेत असताना रोज दुपारी इथेच येऊन बसायची. स्टुलावर पाय हलवत अभ्यास करायची आणि आई दार लावायला लागली की वहीतून डोकं न काढता विचारायची, कुपी खाली ठेवलीस? मावशी म्हणायची, तू मोठी मुकादम लागून गेलीस.

त्या शनिवारी मावशी कुप्या पेटीत ठेवून, कच्चीला शेजारी बसवून, मागे न बघता बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहारेकऱ्याकडून किल्ली घेऊन तिने खोली आणि पेटीचं झाकण उघडलं. यंत्रातल्या दोन्ही जांभळ्या. तिच्या घशातून हुंदका बाहेर पडला, सुटले गं बाई. मग तिची नजर तिसऱ्या कुपीवर गेली. कच्चीही जांभळी. जिला वाफ लागलीच नव्हती तीसुद्धा मेलेली. म्हणजे चाचणी रद्द.

तशीच ती नातीकडे गेली. पोर खुशीत होती. जावई म्हणाला, काल दुपारी ही पहिल्यांदा दोन तास सलग झोपली, नाहीतर आईविना पोर, दर अर्ध्या तासाला दचकून उठते. मावशीने पोरीच्या टाळूवरून हात फिरवला. उत्तर मिळालं नव्हतं, पण पोर झोपली होती. तेवढ्यावर तिने तो आठवडा काढला.

पुढच्या शनिवारी तिने नवा डबा फोडला. वरची कुपी चिकटपट्टीने गाठोड्याला घट्ट बांधली. आत पुन्हा घासलं, पुन्हा टक झालं. दार उघडलं तेव्हा चिकटपट्टी होती तिथेच होती, कुठे फाटलेली नाही, आणि तिच्याखाली काही नव्हतं. कुपी तळाशी, आपल्या जोडीदाराजवळ. आणि रविवारी तिन्ही जांभळ्या. त्याच डब्यातली कच्ची इस्त्रीने सोमवारी लावली तर ती मस्त पिवळी झाली, मंगळवारीही झाली. इस्त्री म्हणाली, डबा झकास आहे गं. मरत होत्या त्या फक्त मावशीच्या शनिवारच्या.

कुणीतरी कुपी योग्य जागी नेऊन ठेवत होतं आणि तेच कुणीतरी उत्तर मात्र येऊ देत नव्हतं. मावशीला तेव्हा भीती कमी आणि राग जास्त आला. तिसऱ्या शनिवारी दार आवळताना ती यंत्राच्या पोलादावर तोंड ठेवून बोलली, "मला कळू दे गं... एकदा खरं कळू दे. मग काय ती शिक्षा दे."

आत बराच वेळ काही वाजलं नाही. मग टक. आणि लगेच दाराच्या आतल्या बाजूला, तिच्या गालाच्या बरोबर समोर, तळहात टेकल्यासारखं काहीतरी हलकेच टेकलं. पोलाद नेहमीच तापलेलं असतं. ती जागा जास्त तापली. मावशीने गाल काढून घेतला.

रविवारी तिन्ही जांभळ्या. ती जावयाकडे पोचली तेव्हा तो नेहमीसारखा दारात आला नाही. पोरीला आज आंघोळ नको म्हणाला, सर्दी आहे. नाक तर कोरडं होतं. मावशीने त्याच्या हातातून पोर घेतली. पोर तिच्या हातात वेडीवाकडी झाली आणि रडली. झबलं वर करू लागली तशी जावई मध्ये आला. आई, राहू द्या, म्हणाला. मावशीने त्याला कोपराने बाजूला सारलं.

पोरीच्या पाठीवर हात उमटला होता. पाच बोटं, मोठ्या माणसाच्या डाव्या हाताची. मूल खांद्यावर घेऊन त्याच्या पाठीला आधार द्यावा तसा, मधोमध. बोटं लाल होती. तळव्याच्या जागी कातडी पाण्याने फुगली होती. आणि करंगळी जरा आत वळलेली. मावशीच्या लेकीची तशी होती, तान्ही असताना दारात चेमटलेली.

"कधीपासून?" मावशीने विचारलं.

जावयाने खाली बघत सांगितलं. तीन शनिवार. पहिल्या शनिवारी नुसती गुलाबी छटा होती, त्याला वाटलं घामोळं. दुसऱ्या शनिवारी बोटं दिसली, म्हणून रविवारी मावशी यायच्या आधीच त्याने पोरीला न्हाऊ घालून कपडे चढवले. काल दुपारी तीनला तो दारात उभा राहून बघत होता. पोर पाळण्यात होती, आणि पोर वर उचलली गेली नाही, काही नाही, पण तिने मान एका बाजूला टाकली, खांद्यावर टाकतात तशी. खोलीत ओल्या कापडाचा वास आला होता. "घाबरलो नाही मी," तो म्हणाला. "कशाला घाबरू? दहा महिन्यांत पोर तशी शांत झोपली नव्हती... जाग आल्यावर रडली. तेव्हा पाठ बघितली."

मावशी खाली बसली, आणि बसल्या बसल्या तिने सगळं सांगितलं. मंगळवार, तीन फोन, गुडघ्याने ढकललेलं गाठोडं, वर ठेवलेली कुपी, केसपेपरवरची चिठ्ठी, तीन शनिवारच्या भट्ट्या. कुठेही तिने स्वतःला वाचवलं नाही. उत्तर आलं नाही, तेही सांगितलं. पोर तिच्या मांडीवर हुंदके देत होती आणि ती पोरीच्या पाठीला स्पर्श होणार नाही अशी धरून होती.

जावई भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग कसलाच राहिला नाही. मावशी वाट पाहत होती. ऊठ म्हणेल, बाहेर हो म्हणेल, पोर काढून घेईल. ती त्याला तयार होती.

तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही ती भट्टी लावलीत की ती येते."

मावशीने मान वर केली.

"परत कधी लावणार?"

"शुद्धीवर आहात का? पोरीची पाठ बघितलीत ना?"

"मी पोरीला शेजाऱ्यांकडे ठेवेन. मी झोपेन पाळण्यापाशी... मला भाजू दे. आई, एकदाच."

"शेजाऱ्यांकडे ठेवली तर ती तिकडे जाईल," मावशी म्हणाली. "ती तुमच्यासाठी येत नाही हो. माझ्यासाठी तर नाहीच."

तो माणूस मग खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मावशीला रडू आलं नाही. तिला एवढंच दिसत होतं, की प्रत्येक भट्टीगणिक तो हात जास्त तापत होता, आणि तापवत होती ती स्वतः. लेकीला आपल्या हातांची आग कळत नसेल. मेलेल्या माणसाला आपण किती गरम आहोत हे कसं कळणार? ती आपली यंत्रातून निघून थेट पोरीकडे धावत होती. आता मावशीला उत्तर हवं तर त्याची किंमत पोरीची कातडी. तिने तिथेच ठरवलं. आपण मारलं की नाही, हे न कळताच मरायचं.

सोमवारी तिने इस्त्रीला सगळं सांगितलं, फक्त शनिवारचं सोडून. मंगळवारची भट्टी, वर ठेवलेली कुपी, वहीतलं खोटं 'चांगले'. इस्त्रीने ऐकून घेतलं. तिच्या गाऊनला त्या दिवशी पहिल्यांदा चुण्या पडल्या, इतका वेळ तिने तो मुठीत धरला होता. रीतसर कागद झाले. वर कळवलं गेलं. मावशीला यंत्रांवरून काढून वरच्या मजल्यावर चादरींच्या घड्या घालायला बसवलं; पुढचं साहेब लोक ठरवतील म्हणाले. किल्ली तिने स्वतःच टेबलावर ठेवली. इस्त्री म्हणाली, वेडी आहेस, कोण विचारत होतं तुला? मग तोंड फिरवून म्हणाली, जा आता, वर ऊन तरी मिळेल.

जावयाने तिच्यावर दार बंद केलं नाही. त्याने तिला माफही केलं नाही. तो तिच्याशी बोलताना तिच्या हातांकडे बघत नसे, एवढंच. पण शनिवारी त्यानेच निरोप पाठवला, या. त्याला एकट्याला ती दुपार काढायची नव्हती.

मावशी दोनला पोचली. तळघराची खोली बंद होती, दोन्ही यंत्रं थंड होती. निघण्याआधी पहारेकऱ्याला दार उघडायला लावून ती पोलादाला हात लावून आली होती. पोरीच्या पाठीवरचे फोड सुकत आले होते. मावशीने तिला मांडीवर घेतली, दाराकडे पाठ करून बसली. जावई स्वयंपाकघरात दूध आटवत होता. नको इतका वेळ ढवळत होता.

तीन वाजले. काही झालं नाही. सव्वातीन. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मावशीने पोरीचं झबलं वर करून पाहिलं. पाठ स्वच्छ होती, नवीन काही नाही. तिने इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला, आणि त्या श्वासात ओलं कापड आणि तापलेलं लोखंड होतं.

पोर मावशीच्या खांद्यावरून मागे बघत होती. बघून हसली. मग तिने दोन्ही हात वर केले, घे म्हणतात तसे, आणि कुणी घेतलं नाही तसे हळूच खाली आणले.

मावशीने मागे वळून पाहिलं नाही. ती लेकीला म्हणणार होती, जा बाई आता. म्हणणार होती, चुकले. यातलं एकही तोंडातून फुटलं नाही. पाठीवर ऊब आली तेवढी तिला कळली. पोटातल्या बाळाला कळत असेल तशी, सगळीकडून. त्या उबेत तिचे डोळे मिटले. किती वेळ मिटले कोण जाणे.

वाटी पडल्याच्या आवाजाने ती जागी झाली. जावई तिच्या मागे उभा होता. दूध जमिनीवर पसरलं होतं.

"आई," तो म्हणाला, "तुमची पाठ... ओली झालीय."

त्याने मानेपाशी कापड धरून जरासं खाली ओढलं. ओढलं आणि तसंच धरून राहिला. पोर मावशीच्या कुशीत गाढ झोपली होती.

"काय आहे?"

"काही नाही." त्याने कापड वर घेतलं, बाळाच्या औषधांच्या कप्प्यात भाजल्याच्या मलमाची डबी शोधली. झाकण उघडल्याचा आवाज आला. मग परत लावल्याचा. तो चपला घालू लागला.

"कुठे निघालात?"

"दुकानात. चार-पाच डब्या तरी लागतील."

मावशीला तर कुठे काही दुखतच नव्हतं.